विसंगती म्हणायची, पण कशापासून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुनेच्या फाइलमध्ये 'अॅनॉमली स्कॅन' लिहिलेलं आहे, बातम्यांत 'टेंपरेचर अॅनॉमली' ऐकू येतं आणि मुलगा बँकेसाठी जे सॉफ्टवेअर लिहितो त्याला 'अॅनॉमली डिटेक्शन' म्हणतात. या सगळ्यांचा अर्थ एकच आहे का, आणि कुठल्या क्षेत्रात नेमकं कशाला विसंगती म्हणतात?

माझी तीस-बत्तीस वर्षं गुरुत्व आणि चुंबकीय सर्वेक्षणात गेली. आमच्या कामात विसंगती ही अधूनमधून भेटणारी गोष्ट नाही. आम्ही रोज तीच मोजतो आणि तीच नकाशावर काढतो. त्यामुळे उत्तराची सुरुवात मला नीट माहीत असलेल्या जागेपासून करते, बाकीची क्षेत्रं त्यातून ओघाने येतील.

वर्डन गुरुत्वमापक दिसायला मोठ्या थर्मासासारखा असतो. आत खरोखरच निर्वात फ्लास्क असतो आणि त्यात क्वार्ट्झची नाजूक स्प्रिंग. तो तबकडीवर ठेवायचा, तीन स्क्रू फिरवून दोन्ही बुडबुडे मध्यभागी आणायचे, वर छत्री धरायची, भिंगातून बघत प्रकाशाची रेघ मधल्या खुणेवर येईपर्यंत चकती फिरवायची आणि आकडा वहीत लिहायचा. दोन-तीन मिनिटांचं काम. मग पुढचं ठिकाण. दर दीड-दोन तासांनी सकाळच्या मूळ ठिकाणी परत येऊन पुन्हा वाचन घ्यायचं, कारण स्प्रिंग दिवसभरात हळूहळू सरकत असते आणि चंद्र-सूर्याची ओढही बदलत असते.

वहीतल्या त्या आकड्यात विसंगती कुठेच नसते, तो नुसता आकडा असतो. गुरुत्व मोजायचं एकक म्हणजे गॅल, आणि त्याचा हजारावा भाग मिलिगॅल. विषुववृत्तावर गुरुत्व सुमारे ९७८ गॅल आणि ध्रुवावर सुमारे ९८३ गॅल. म्हणजे नुसतं उत्तरेकडे गेलं तरी आकडा वाढतो. डोंगर चढला की दर मीटरला ०.३०८६ मिलिगॅलने उतरतो. पायाखालच्या खडकाच्या थराने पुन्हा थोडा वाढतो. हे सगळं हिशेबात धरून आधी ठरवावं लागतं की या अक्षांशावर, या उंचीवर, साध्यासुध्या पृथ्वीवर आकडा किती यायला हवा. मोजलेल्यातून हा अपेक्षित आकडा वजा केला की उरते ती गुरुत्व विसंगती. एक मिलिगॅल म्हणजे एकूण गुरुत्वाचा साधारण दहा लाखावा भाग. आमच्या रोजच्या कामातल्या विसंगती अशा काही मिलिगॅलच्या, कधी त्याहूनही लहान असतात.

विसंगती वस्तूत नसते आणि आकड्यातही नसते. ती मोजलेलं आणि अपेक्षित यांच्या मधली जागा असते. म्हणून कुठल्याही क्षेत्रात हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: कशापासून? क्षेत्रं वेगळी होतात ती इथेच, कारण प्रत्येकाचं 'अपेक्षित' वेगळ्या ठिकाणाहून येतं. कुणाचं सूत्रातून, कुणाचं तीस वर्षांच्या नोंदींतून, कुणाचं हजारो निरोगी माणसांच्या तपासण्यांतून, तर कुणाचं आपणच घालून दिलेल्या नियमातून.

मराठीने हा भेद शब्दांतच सांभाळला आहे, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. आपल्याकडे जमाखर्चात 'तफावत' निघते, हवामानात 'सरासरीपेक्षा कमी-जास्त' असतं, संख्याशास्त्रात 'विचलन', डॉक्टरांकडे 'जन्मजात व्यंग' आणि शाळेच्या पुस्तकात पाण्याचं 'असंगत आचरण'. पंचांग करणाऱ्याला विचारलंत तर ग्रह आपल्या कक्षेत उच्चबिंदूपासून (कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूपासून) किती अंश पुढे गेला त्या कोनाला तो 'मंदकेंद्र' म्हणतो, आणि पाश्चात्त्य खगोलशास्त्रात या जातीच्या कोनालाच अॅनॉमली म्हणतात. त्यात बिघडलेलं काहीच नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'सपाट नसलेलं, उंचसखल' असा आहे. ग्रह सारख्या वेगाने फिरत नाही, कधी भरभर तर कधी सावकाश चालतो, एवढंच ग्रीकांना म्हणायचं होतं.

पाण्याचं उदाहरण दहावीला सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ० ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं तर पाणी प्रसरण पावण्याऐवजी आकुंचन पावतं. पण ते दर वेळी असंच वागतं, एकदाही चुकत नाही. म्हणजे दुर्मिळ असणं ही विसंगतीची अट नाही. बाकीचे बहुतेक द्रव तापल्यावर फुगतात ही आपली अपेक्षा, आणि तिच्याशी पाणी जुळत नाही. उलट लॉटरी लागणं अतिशय दुर्मिळ, पण ती कुणाला तरी लागणारच असते, म्हणून ती विसंगती नाही. लोक या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात.

आता माझ्या वहीतला एक प्रसंग सांगते. सोलापूर जिल्ह्यात एका रेषेवर दर ५०० मीटरला वाचनं घेत होतो. रात्री कंदिलाशेजारी बसून हिशेब केला तर एका ठिकाणी शेजाऱ्यांपेक्षा जवळजवळ दोन मिलिगॅल जास्त. एवढ्याशा जागेत दोन मिलिगॅल म्हणजे जमिनीखाली उथळावर काहीतरी चांगलंच जड असलं पाहिजे. मला झोप लागली नाही. सकाळी पुन्हा तिथे जाऊन वाचन घेतलं, आकडा आधीइतकाच आला. उपकरण ठीक होतं. मग उंचीची वही काढली. त्या ठिकाणाची उंची ४९७ मीटर लिहिली होती, आधीच्या आणि पुढच्या ठिकाणांच्या ४८६ आणि ४८८. जमीन तर डोळ्यांना सपाट दिसत होती. लेव्हल पुन्हा लावली, उंची निघाली ४८७. आठाचा नऊ झाला होता. दहा मीटर उंची जास्त धरली की अपेक्षित आकडा सुमारे दोन मिलिगॅलने कमी निघतो, आणि तेवढीच विसंगती कागदावर उगवते. मोजमाप बरोबर होतं, चूक अपेक्षेत होती. त्या दिवसापासून एकाच ठिकाणी उभी राहिलेली विसंगती मी कधीही नकाशावर तशीच चढवलेली नाही. शेजारची दोन-तीन ठिकाणं तिला साक्ष देत असतील तरच ती खरी धरायची.

अपेक्षा ठरवताना आणखी एक गोष्ट गुपचूप आत शिरते, ती म्हणजे संकेत. जमिनीखालच्या खडकाची घनता आम्ही रिवाजाने २.६७ (घनसेंटिमीटरला २.६७ ग्रॅम) धरतो. जगभर हाच आकडा आहे, म्हणजे नकाशे एकमेकांशी जुळतात. पण दख्खनचा काळा पाषाण याहून जड, घनता २.९ च्या आसपास. पुणे-सोलापूर पट्ट्यात साधारण ५५० मीटर उंचीवर २.६७ ऐवजी २.९ धरलं तर तीच वाचनं ठेवूनही विसंगती पाच-सव्वापाच मिलिगॅलने बदलते. जमीन तीच आणि उपकरणही तेच. म्हणून आमच्या नकाशाच्या कोपऱ्यात घनता लिहिलेली नसेल तर तो नकाशा मी बाजूला ठेवते.

आणि विसंगती खरी ठरली तरी ती कारण सांगत नाही. महाराष्ट्राच्या गुरुत्व नकाशावर कोयना आणि कुर्डुवाडीच्या बाजूने लांबट कमी गुरुत्वाचे पट्टे दिसतात. १९७३ मध्ये हैदराबादच्या एनजीआरआय या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावरून मांडलं की लाव्हाच्या थरांखाली दोन पुरलेल्या खचदऱ्या, म्हणजे जमीन खचून झालेल्या लांब दऱ्या, असाव्यात. कल्पना आकर्षक होती आणि आकड्यांना धरून होती. पुढे कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी तिथे खोल विंधनं घेतली. सव्वानऊशे ते साडेबाराशे मीटरपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइसचा जुना पाया. दरीत साचलेला गाळ म्हणावा असा थर मध्ये मिळाला नाही. नकाशावरचा तो पट्टा मात्र तसाच आहे. कमी गुरुत्व म्हणजे खाली कुठेतरी वस्तुमान कमी आहे, एवढंच. उथळ आणि पसरट हलका थर किंवा खोल आणि जाड हलका भाग, दोन्हींची वरची सही सारखीच उमटू शकते.

विसंगतीने एखादं शास्त्र कसं उभं केलं याचा माझ्या मते सर्वांत सुंदर दाखला भारतातलाच आहे. जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरकडचं कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक दोन पद्धतींनी काढला. एकदा त्रिकोणांच्या साखळीने जमीन मोजून आणि एकदा ताऱ्यांचे वेध घेऊन. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांची तफावत आली. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. जमिनीवर ती तफावत होते साधारण १६० मीटर. सुमारे ६०० किलोमीटरच्या अंतरात १६० मीटर कुणी सोडूनही दिले असते. पण मोजणी इतकी काटेकोर होती की एवढी चूक तिच्यात बसत नव्हती. विसंगती आहे की नाही हे तिच्या आकारावर ठरत नाही, आपल्या मोजमापाच्या खात्रीवर ठरतं, हे त्या लोकांना कळत होतं.

ताऱ्यांचे वेध ओळंब्याच्या आधाराने घेतात. संशय हिमालयावर गेला. एवढा प्रचंड डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट गणिती होते. त्यांनी हिमालयाची ओढ हिशेबाने काढली आणि १८५५ मध्ये उत्तर दिलं: तफावत १५.८८५ विकला यायला हवी होती. इथे सगळी गोष्ट उलटली. तोवर प्रश्न होता की पाच विकला कुठून आल्या. आता प्रश्न झाला की बाकीच्या दहा गेल्या कुठे. मोजमाप एका केसाने हललं नव्हतं. अपेक्षा बदलली आणि विसंगतीची दिशाच फिरली. त्याच वर्षी इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगर जमिनीवर नुसते ठेवलेले नाहीत, ते पाण्यावरच्या ओंडक्यासारखे तरंगतात. वर जितका उंच, तितका खाली हलक्या खडकाचा मुळासारखा भाग बुडालेला. वरचा डोंगर ओळंब्याला ओढतो आणि खालचं हलकं मूळ ती ओढ बरीचशी फेडून टाकतं. यालाच पुढे आयसोस्टसी हे नाव मिळालं, आणि आजही तिबेटच्या पठारावर बूगे विसंगती (उंची आणि पायाखालचा खडक दोन्ही हिशेबात धरून उरलेली) उणे ५०० मिलिगॅलच्या आसपास दिसते ती याच मुळांमुळे.

खगोलशास्त्रात अशा दोन विसंगती एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. युरेनस हिशेबाप्रमाणे चालत नव्हता. ल व्हेरिये यांनी ठरवलं की पलीकडे न दिसलेला ग्रह असावा, त्याची जागाही काढून दिली, आणि १८४६ मध्ये बर्लिनला गाले यांनी दुर्बीण लावली तेव्हा सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग त्याच ल व्हेरिये यांना बुधाच्या कक्षेत शिल्लक दिसली. बाकीच्या ग्रहांची ओढ शतकाला सुमारे ५३१ विकलांचा हिशेब देते, त्यावर साधारण ४३ विकला उरतात. त्यांनी पुन्हा तोच उपाय केला, सूर्याजवळ एक न दिसलेला ग्रह धरला, नावही ठेवलं व्हल्कन. तो कधीच मिळाला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्व सिद्धान्तातून त्या ४३ विकला आपोआप बाहेर आल्या. पहिल्या वेळी नियम बरोबर होता आणि यादीत एक ग्रह कमी होता. दुसऱ्या वेळी यादी पूर्ण होती आणि नियमच अपुरा होता. विसंगती हातात असताना दोन्हींचं रूप एकसारखं होतं.

तिसरी शक्यता म्हणजे आपल्याच कामातली चूक, ती मी सोलापुरात भोगलेली. २०११ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीत सुमारे ७३० किलोमीटरवर सोडलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं मोजमाप आलं. जगभर खळबळ उडाली. पुढच्या वर्षी मुख्य कारण निघालं एका ऑप्टिकल फायबरच्या नीट न बसलेल्या जोडणीत. पण त्या गटाने आकडा लपवला नाही, 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' म्हणून तो जगापुढे ठेवला. मला हे वागणं फार मोलाचं वाटतं.

याच्या उलट धोका ओझोनच्या बाबतीत होता. अंटार्क्टिकातल्या हॅली इथे ब्रिटिश शास्त्रज्ञ जमिनीवरून दर वर्षी ओझोन मोजत होते. ऑक्टोबरचं प्रमाण पूर्वी ३०० डॉब्सन एककांच्या आसपास असायचं, ते १९८० च्या दशकात २०० च्या आसपास घसरलं. १९८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. त्याच काळात अमेरिकेचा उपग्रह वरून हेच मोजत होता, पण १८० च्या खालची वाचनं शंकास्पद म्हणून आपोआप खूण करून बाजूला पडत होती. उपग्रहाने ओझोनचं विवर, म्हणजे ही मोठी घट, 'फेकून दिलं' असं सांगतात ते खरं नाही. वाचनं जपलेली होती आणि तिथले लोक त्यांचा विचारही करत होते. पण खूण लावण्यामागची अपेक्षा जुन्या जगाची होती, आणि नवं जग त्या अपेक्षेला चूक वाटत होतं. मुलाला हा दाखला जरूर सांगा.

आता हवामान, कारण तुमच्या प्रश्नात तेही आहे. तिथे अपेक्षा म्हणजे दीर्घकालीन सरासरी. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी सध्या ८७ सेंटिमीटर धरतात, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून. त्याआधी १९६१ ते २०१० वरून ती ८८ धरत. म्हणजे तेवढाच पाऊस पडला तरी टक्केवारी थोडी बदलते. जिल्ह्याला १९ टक्के कमी किंवा जास्त इथपर्यंत 'सामान्य' म्हणतात. देशाला मात्र ९६ ते १०४ टक्के एवढीच मोकळीक. २०१५ मध्ये देशात सरासरीच्या ८६ टक्के पाऊस झाला आणि ते दुष्काळी वर्ष ठरलं. तेवढीच तूट एकट्या सांगली जिल्ह्यात असती तर तक्त्यात 'सामान्य' असं छापलं असतं. यात अन्याय नाही. लहान जागेवरचा पाऊस मुळातच खूप वरखाली होतो, मोठ्या प्रदेशात एकाची तूट दुसऱ्याची भर भरून काढते. देशभराची सरासरीच १४ टक्के घसरली याचा अर्थ खूप ठिकाणी एकदम बिघडलं. पण शेतकऱ्याने त्या 'सामान्य' शब्दावर विसंबू नये हेही खरं, कारण चार महिन्यांची बेरीज जुळली तरी ऑगस्टमधल्या तीन कोरड्या आठवड्यांत सोयाबीन गेलेलं असतं. बेरजेच्या विसंगतीत खंड दिसत नाही.

उष्णतेच्या लाटेचंही तसंच. मुंबईत मार्चमध्ये पारा ३८.५ वर गेला तर लाट, आणि चंद्रपूरला मेमध्ये ४४ असूनही नाही. किनाऱ्यावर किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त, सपाट प्रदेशात किमान ४० आणि तेवढाच फरक, किंवा थेट ४५ अंश, असा हवामान विभागाचा निकष आहे. जगाच्या तापमानाच्या बातमीत तर आधाररेषा विचारल्याशिवाय आकडा घेऊच नये. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या नोंदीत २०२४ हे वर्ष १८५०-१९०० च्या तुलनेत १.६० अंशांनी जास्त आहे, आणि १९९१-२०२० च्या तुलनेत ०.७२ अंशांनी. दोन्ही आकडे खरे.

मग सरळ तापमानच का सांगत नाहीत? महाबळेश्वर आणि वाई जवळजवळ आहेत, पण उंचीमुळे तापमानात मोठा फरक. दोघांची सरासरी काढली तर ती ना याची ना त्याची. एका वर्षी महाबळेश्वरची नोंद आलीच नाही, तर सरासरी उगाच वर उडी मारेल. पण महाबळेश्वर आपल्या नेहमीपेक्षा दीड अंश गरम असेल तर वाईही बहुधा साधारण तेवढीच गरम असते. म्हणून प्रत्येक ठिकाणाची तुलना त्याच्याशीच करायची आणि मग ते फरक एकत्र करायचे. विसंगती वापरण्यामागचं हे फार शहाणं कारण आहे, आणि बातम्यांत ते क्वचितच सांगतात.

बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये अपेक्षा म्हणजे त्या ग्राहकाची सवय. रोज दोनशे-चारशेची यूपीआय देणाऱ्याने रात्री अडीचला पन्नास हजार पाठवले की खूण लागते. इथली अडचण वेगळी, फसवणूक फार विरळ. समजा एक लाख व्यवहारांत दहा खोटे आहेत आणि यंत्रणा ९९ टक्के वेळा बरोबर ओळखते. ती दहाही खोटे व्यवहार जवळपास पकडेल. पण खऱ्या ९९,९९० व्यवहारांपैकी एक टक्का, म्हणजे हजारेक व्यवहारांवरही बोट ठेवेल. शंभर इशाऱ्यांपैकी नव्व्याण्णव निर्दोष माणसांचे. इथे 'विसंगत' म्हणजे 'गुन्हेगार' नाही, 'एक फोन करून विचारा' एवढंच. मुलाच्या क्षेत्रात याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो माहितीच्या मांडणीचा. सोसायटीत एका सभासदाचा मोबाइल नंबर देखभालीच्या वहीत, पार्किंगच्या वहीत आणि पाण्याच्या वहीत लिहिलेला असतो. त्याने नंबर बदलला, दोन वह्यांत दुरुस्त झाला, तिसरीत राहिला. डेटाबेसवाले याला अपडेट अॅनॉमली म्हणतात. चूक अजून झालेली नसतानाही ती होणारच अशी वहीची रचना आहे, हा त्यातला मुद्दा. माझ्या ओळखीच्या अर्थांत हा सर्वांत वेगळा, कारण इथे मोजायचं काहीच नसतं.

शेवटी डॉक्टरांकडचं. हे माझं क्षेत्र नाही, पण आकड्यांपुरतं बोलू शकते. रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांची 'नॉर्मल' मर्यादा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे वीस निरोगी माणसांत सरासरी एक बाहेर असतो. आणि एकाच निरोगी माणसाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर निदान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. रिपोर्टवरचा एकटा ठळक आकडा म्हणजे आमच्या रेषेवरचं एकटं ठिकाण. शेजारचे आकडे काय म्हणतात ते बघितल्याशिवाय त्याला वजन नाही.

अॅनॉमली स्कॅन साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात, कारण तोवर हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, ओठ हे सगळं तपासण्याइतकं स्पष्ट झालेलं असतं. नाव भीतिदायक आहे, पण ती प्रत्येक गरोदर बाईची नेहमीची तपासणी आहे. फाइलवर ते नाव असणं म्हणजे बाळात काही सापडलं आहे असं मुळीच नाही. तिथे तीन वेगळ्या गोष्टी एका कागदावर येऊ शकतात: खरं व्यंग, निरुपद्रवी वेगळेपणा, आणि 'सॉफ्ट मार्कर' नावाच्या खुणा, ज्या स्वतः व्यंग नसतात. हृदयात दिसणारा चमकदार ठिपका हा त्यातलाच, तो एकटाच असेल तर बहुतेक वेळा बाळ अगदी व्यवस्थित असतं. तुमच्या सुनेच्या रिपोर्टमध्ये असं काही लिहिलं असेल तर ते यांपैकी कशात मोडतं हे डॉक्टरांना थेट विचारा. विचारायला संकोच करू नका.

आणि माझ्या ४९७ च्या आठवणीने एक गोष्ट आवर्जून सांगते. बाळाची सगळी मापं 'इतक्या आठवड्यांना इतकी' अशा अपेक्षेशी ताडली जातात. आठवडेच चुकीचे धरले, पाळीची तारीख नीट आठवत नसली किंवा पाळी अनियमित असली, तर बाळ उगाच लहान किंवा मोठं दिसतं. सुरुवातीच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून काढलेले आठवडे यासाठी जास्त भरवशाचे असतात. तो पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा आणि स्कॅनला जाताना सोबत न्या.